रंग धरतो तेव्हा

वेंगे नावाचं झाड मी कधी पाहिलेलं नाही. काँगो, कॅमेरून, गॅबॉनकडच्या जंगलांत ते वाढतं. त्याचं लाकूड जवळपास काळं, त्यात बारीक तपकिरी रेघा. तोड इतकी झाली की आज ते धोक्यात आलेल्या झाडांमध्ये गणलं जातं. त्याचं छायाचित्र मात्र मी गेली अकरा वर्षं रोज बघते. नोएडातल्या भाड्याच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये जा, टीव्हीखालचं युनिट वेंगे, चपलांचं कपाट वेंगे, मुलांचं अभ्यासाचं टेबलही वेंगेच. झाडाच्या रेघा छापलेला कागद मेलामाइनच्या राळेत भिजवायचा, भुशाच्या बोर्डावर गरम दाबाखाली बसवायचा, की झालं लाकूड. खोक्यातून सपाट येतं, दुपारभर स्क्रू पिळले की उभं राहतं.

हे फर्निचर पुन्हा रंगवणं हे माझं काम. सुरुवात घरच्या पुस्तकांच्या कपाटापासून झाली, आता आसपासच्या सेक्टरांतूनही कपाटं येतात. इथे माणसं नोकरीमागे येतात आणि नोकरीमागेच बंगळुरू-हैदराबादला जातात. जाताना हे सामान मागे राहतं, कारण एकदा जोडलेलं पार्टिकल बोर्ड सोडवून पुन्हा जोडलं की भोकं ढिली होतात, स्क्रू धरत नाहीत. भंगारवाला, इथला कबाडी, लोखंड नेतो, रद्दी नेतो, प्लॅस्टिकसुद्धा नेतो. बोर्डाला हात लावत नाही. मग ते सोसायटीच्या भिंतीला टेकून उभं राहतं आणि जानेवारीत गेटवरच्या शेकोटीत जातं. भुसा बांधून ठेवणारी राळ युरिया-फॉर्मल्डिहाइडची, वरचा कागद मेलामाइनचा. तो धूर चुरचुरतो आणि तो विषारी असतो. पाच-सहा अंशांत रात्र काढणाऱ्या रखवालदाराला मी काय बोलणार? हाताशी येईल ते तो जाळणार. कपाट गेटपर्यंत पोचू नये, एवढंच माझ्या हातात आहे.

मराठीत आपण रंग 'धरला' म्हणतो. कापड रंग धरतं, भिंत रंग धरते. म्हणजे धरायचं काम रंगाचं नाही, खालच्या वस्तूचं. इथले पेंटर 'पकड' म्हणतात, अर्थ तोच. हे मला आधी कळलं असतं तर माझं पहिलं कपाट वाचलं असतं. दुकानदारानं खात्री दिली होती की ऑइल पेंट कशावरही बसतो, प्रायमरचा खर्च कशाला. मी पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. वाळल्यावर इतकं सुरेख दिसलं की मी शेजारणींना बोलावून दाखवलं. तीन आठवड्यांनी खणाची कड नखाला लागली आणि दुधावरची साय निघावी तसा वीतभर रंग एका पापुद्र्यात उचलला गेला. खालचा वेंगे जसाच्या तसा होता, चमकसुद्धा शाबूत. रंगानं त्याला शिवलंच नव्हतं.

या पृष्ठभागाचा गुणच तो आहे. सनमायका, फॉर्मायका या नावांतला 'मायका' म्हणजे अभ्रक. १९१२ साली अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीतल्या दोन इंजिनिअरांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला राळेचा थर तयार केला, अभ्रकाच्या जागी म्हणून 'फॉर मायका'. वीज अडवणारी ही वस्तू पुढे हॉटेलांची टेबलं आणि स्वयंपाकघरांचे ओटे झाकायला आली. तिनं डाग घेऊ नये, पाणी पिऊ नये, तेल धरू नये अशीच तिची घडण. जी हळदीला दाद देत नाही ती रंगाला तरी का देईल? सुतार फेव्हिकॉलनं चिकटवतो तो सनमायका तरी कागदांच्या अनेक थरांचा, साधारण मिलिमीटरभर जाड असतो. खोक्यातून येणाऱ्या फर्निचरवर मात्र एकच कागद. तेवढ्या जाडीत सगळं काम करायचं असतं.

म्हणून आधी चमक मारायची. त्याआधी धुणं आलं. भांड्यांच्या साबणाचं पाणी, मग साधं ओलं फडकं, मग कोरडं. स्वयंपाकघराजवळच्या कपाटाला हे दोनदा. कुणी वर्षानुवर्षं चकाकीचा स्प्रे मारला असेल तर तीनदा, कारण त्यातलं सिलिकॉन मागे राहिलं की रंगाला डोळे पडतात, माशाच्या डोळ्यांसारखे गोल. धुतल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हातानं, लांब फेऱ्या. इथे जोराचं काही काम नाही. मी फळी खिडकीशी तिरपी धरते. तिरप्या उजेडात चमक राहिलेली जागा ओल्या ठिपक्यासारखी दिसते, मेलेली जागा पाटीसारखी मंद. सगळी फळी पाटी झाली की थांबायचं. कडेला आणि कोपऱ्यांना तीन फेऱ्या कमीच द्यायच्या, कारण तिथे कागद सगळ्यात आधी फाटतो. भुऱ्या रंगाचा टिंब दिसला की समजायचं, आपण भुशापर्यंत पोचलो. तो टिंब नंतर रंग पितो, फुगतो आणि चार हातांखालूनही वर येतो.

यानंतरचा हात लाखेचा. माझं माहेर गोंदियाकडचं. लहानपणी पळसाच्या फांद्यांवर खरूज आल्यासारखी लाख दिसायची, ती खरवडून माणसं बाजारात न्यायची. पळस, बोर, कुसुम या झाडांचा रस पिऊन एक इवला किडा स्वतःभोवती ती राळ पाझरवतो. बांगड्या तिच्या, पार्सलावरची मोहोर तिची, जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही तिच्याच. काचेसारख्या गुळगुळीत वस्तूवरही लाख पकड घेते आणि तिच्यावर बहुतेक रंग बसतात, त्यामुळे दोन अनोळखी माणसांमध्ये बसणाऱ्या मध्यस्थाचं काम ती करते. नोएडात लाख मिळवायला वणवण करावी लागत नाही. पॉलिशवाले सुतार चपडा लाख नेतात त्याच दुकानात मिळते. लिटरभर स्पिरिटला पाव किलो चपडा, रात्रभर बरणीत. साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पाण्याचा रंग नाराज असतो, म्हणून बरणी दोन-तीन दिवस हलवायची नाही. गढूळ मेण तळाशी बसतं, वरचा मधासारखा भाग अलगद ओतून घ्यायचा. पातळ दोन हात, मध्ये तासाभराचा वेळ. खिडक्या उघड्या आणि घरात कुठेही ज्योत नको. स्पिरिटची वाफ पेटायला देवापुढचं निरंजनही पुरतं.

लाखेच्या मर्यादा मी प्रत्येकाला आधी सांगते. गरम पातेलं तिला चालत नाही, सॅनिटायझरही नाही. जेवणाच्या टेबलासाठी मी लाख वापरत नाही, तिथे दोन डब्यांचा पीयू प्रायमर घेते आणि मास्क लावून गच्चीवर काम करते. दमट हवेत मारली तर लाख पांढुरकी पडते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये माझं काम बंद.

तसंही नोएडात महिने मोजूनच काम करावं लागतं. मे-जूनमध्ये पारा चव्वेचाळीसवर गेला की रोलर फिरवता फिरवता रंग सुकतो आणि पट्टे उमटतात. वर आंधी येते. एका मे महिन्यात बाल्कनीत चार दारं ओली ठेवून मी चहा टाकायला आत गेले. दहा मिनिटांत आकाश पिवळं झालं आणि राजस्थानची वाळू दारांवर येऊन बसली, रव्यासारखी. चारही दारं पुन्हा पाटी करावी लागली. डिसेंबर-जानेवारीत रंग दहा अंशांखाली नीट जमतच नाही, शिवाय हवा इतकी खराब की खिडकी उघडणंच धोक्याचं. राहतात ते दोनच तुकडे, पाऊस गेल्यापासून दिवाळीच्या अलीकडेपर्यंत आणि महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत.

गेल्या फाल्गुनात एका आजींचं देवघर आलं. नाशिकच्या, सुनेकडे राहतात. देवघर म्हणजे खरं तर पुस्तकांचं ठेंगणं कपाट, तेही वेंगे. वरच्या खणात देव, खाली पोथ्या, वाती, कापूर. "अगं, पुठ्ठ्यावर एवढी मेहनत कशाला? पाडव्याला नवीन आणू म्हणते सून," आजी म्हणाल्या. मी म्हटलं, "आजी, बघू तरी." खाली बसून पाहिलं तर पायाची कड फुगली होती. नोएडातल्या प्रत्येक घरात मला ही कड सापडते. रोज ओला पोछा फिरतो, पाणी कडेच्या बारीक पट्टीमागून आत शिरतं, भुसा फुगतो आणि एकदा फुगला की वाळूनही परत बसत नाही. बोट फिरवलं की भाकरीच्या पापुद्र्यासारखं लागतं. मी फुगलेला भाग धारदार पात्यानं उतरवला, उघड्या भुशाला लाखेचे तीन हात पाजले, लांबी भरली, घासली. मग चारही कोपऱ्यांखाली रबराचे बूट ठोकले, म्हणजे फरशी आणि बोर्ड यांत बोटभर अंतर राहील. हे बूट रंगाइतकेच महत्त्वाचे आहेत. त्यांच्याशिवाय मी कपाट परत देतच नाही.

आतली बाजू जास्त अवघड निघाली. तेलाचा थर, कुंकवाचे डाग, निरंजनाच्या वर काजळीचं अर्धवर्तुळ. तेल काढायला दोन दिवस गेले. काजळी पुसली तरी तिची सावली राहिली होती, ती लाखेखाली गेली. लाखेचा हा गुण मला फार आवडतो, डाग ती वर येऊ देत नाही. रंग पाण्याचा इनॅमल घेतला, फिका पिवळा, शेवंतीच्या आतल्या पाकळीचा. घरात वापरायच्या रंगात शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात नव्वद भाग आहे, म्हणून कुणी प्रेमानं दिलेला जुना उरलेला डबा मी वापरत नाही. देवघरासमोर रांगतं बाळ होतं, मग तर नाहीच. फोमच्या लहान रोलरनं तीन हात, प्रत्येक हात इतका पातळ की पहिल्यानंतर आजींना वाटलं मी रंगात पाणी घातलंय.

तिसरा हात संध्याकाळी वाळला. खरी कसोटी त्यानंतरची. हाताला कोरडा लागतो तो रंग आतून मऊच असतो, पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. मध्येच वजन ठेवलं तर चिकटतं. एकदा मी पाचव्या दिवशी शब्दकोश ठेवले होते. उचलले तेव्हा तळाच्या पुठ्ठ्याबरोबर रंगाचा चौकोन उठून आला. आजींना मी एकवीस दिवस सांगितले. देव पाटावर बसले. रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न, "आज?" आणि माझं उत्तर, "अजून नाही, आजी." सुनेला मी आणखी एक विनंती केली, निरंजनाखाली पितळी ताटली हवी आणि ज्योतीच्या वर वीतभर मोकळी जागा. तिनं जुनी ताटली घासून आणली.

पाडव्याच्या सकाळी बोलावणं आलं. गुढी बाल्कनीत उभी होती, कडुलिंबाचा डगळा बाजूच्या पार्कातला. आजींनी बाळकृष्ण उचलला, पण ठेवला नाही. आधी त्या वाकल्या, खालच्या कडेला, जिथे भुसा फुगला होता तिथे, अंगठ्याचं नख टेकवलं आणि जोरानं खरवडलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मी थांबवलं नाही. नख बघितलं, त्यावर काही आलं नव्हतं. मग त्यांनी बाळकृष्ण ठेवला आणि मागे वळून म्हणाल्या, "चपलांचंही कपाट आहे बरं का, तेही खालून फुगलंय."