गीरच्या वनराजाच्या भेटीस

नैरोबी वा दार-एस-सलाम येथे स्थायिक झालेले आप्त सुट्टीत बडोद्यास आले, की मसाई माराच्या सिंहांची छायाचित्रे घरोघर फिरू लागतात आणि मुले आईवडिलांस विचारतात, "आपण आफ्रिकेला केव्हा जायचे?" मध्यम प्राप्तीच्या कुटुंबास हा प्रश्न जड वाटावा, हे साहजिकच आहे. परंतु आफ्रिका खंड वगळता जगाच्या ज्या एकाच प्रदेशात सिंह मोकळा हिंडतो, ते गीरचे वन बडोद्यापासून अवघ्या एका रात्रीच्या प्रवासावर आहे. आमच्या धर्मग्रामातील तीन कुटुंबांसमवेत गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथे दोन दिवस घालविले. त्या सहलीची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गीर हे बडोदेकरांस अगदीच परके नाही. या वनाकडील धारी व कोडिनार हे भाग पूर्वी बडोदा संस्थानच्या अमरेली प्रांतात मोडत असत. इतर बराचसा प्रदेश जुनागढच्या नवाबांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीमुळे येथील सिंह हाताच्या बोटांवर मोजावे इतके विरळ झाले, तेव्हा नवाबांनी त्यांस संरक्षण दिले व तो वंश तगला. १९६५ साली गीर अभयारण्य झाले. १९६८ च्या गणतीत १७७ सिंह होते; २०२५ च्या गणतीत ते ८९१ भरले.

पूर्वी हा सिंह इराण, इराक, सीरिया व पॅलेस्टाइनपर्यंत पसरलेला होता. दावीदाने मेंढरे राखताना ज्याच्याशी झुंज घेतली, दानिएलास ज्याच्या गुहेत टाकले, तो सिंह याच कुळातला, हे आम्ही आगगाडीत सांगितले, तेव्हा एका चिमुरडीने विचारले, "मग तिकडचे सिंह कुठे गेले?" माणसाने ते मारून संपविले, याखेरीज तिला दुसरे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

पहाटे सासणहून उघड्या जीपने निघालो. थंडी बोचरी होती. सागाची वाळलेली पाने चाकांखाली करकरत होती. चितळांचे कळप दिसले, मोर दिसले, हिरण नदीच्या डोहाकाठी मगर पहुडलेली दिसली; सिंह मात्र दिसेना. मुले कंटाळू लागली. इतक्यात वानरांनी एकच कालवा केला. वाटाड्याने हात वर करून गाडी थांबविली. वळणावर एक सिंहीण दोन छाव्यांसह वाटेतच बसली होती. एक छावा तिच्या शेपटीशी खेळत होता. ती मधूनच त्यास पंजाने बाजूस सारी, की तो पुन्हा येई. दहा मिनिटे गाडीत कोणी अवाक्षर काढले नाही. कारखान्याच्या पाळ्यांमुळे ज्यांस मुलांबरोबर जेवावयासही सवड मिळत नाही, असे एक गृहस्थ धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते. सिंहीण झाडीत गेल्यावरही त्यांनी त्यास खाली उतरविले नाही.

दुपारी अभयारण्याच्या सीमेबाहेर मालधाऱ्यांच्या एका नेसात गेलो. काटेरी कुंपण, मातीची घरे व धष्टपुष्ट म्हशी असा तो पाडा. चहा देता देता घरच्या वृद्ध बाईंनी सांगितले, की पावसाळ्यात त्यांची एक दुभती म्हैस सिंहाने नेली. सरकारी भरपाई मिळाली. परंतु दुधाचा रतीब तुटला तो तुटलाच. आमच्यातील एका भगिनीने विचारले, "सिंहाचा राग नाही येत?" त्या म्हणाल्या, "येतो ना, बेन. पण तो गेला तर हे वन राखणार कोण? वर्षात कुऱ्हाड फिरेल."

१९७० नंतरच्या दशकात वनातील अनेक मालधारी कुटुंबे बाहेर वसविण्यात आली. गुरे राखणाऱ्यांस नांगर धरावा लागला. आज निम्म्याहून अधिक सिंह अभयारण्याबाहेर, गावांच्या व शेतांच्या आसपास वावरतात. आपण परवान्याचे पैसे भरून दोन दिवस सिंह पाहतो. त्याची खरी किंमत हे लोक वर्षभर मोजीत असतात.

तालाळ्याजवळील जांबूर येथे सिद्दी लोकांची वस्ती आहे. यांच्या पूर्वजांस शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम व शिपाई म्हणून इकडे आणण्यात आले. आज त्यांची भाषा गुजराती. धमाल नृत्याचा ठेका मात्र त्यांनी जपला आहे. आफ्रिकेचा हट्ट धरणारी आमची मुले त्या ठेक्यावर त्यांच्या मुलांबरोबर नाचली.

एक चिंता मात्र नमूद केलीच पाहिजे. वर्षाचे सारे धान्य एकाच कणगीत ठेवावे, तसा हा वंश एकाच मुलुखात आहे. २०१८ साली येथे रोगाची साथ येऊन वीसहून अधिक सिंह दगावले. काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे न्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला होता. तो अमलात आला नाही. २०२२ साली त्याच कुनोत नामिबियाहून चित्ते आले. आपल्या घरचे वैभव दुसऱ्या घरीही नांदावे, एवढे औदार्य आपण दाखविले पाहिजे.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे, की १६ जून ते १५ ऑक्टोबर वन बंद असते. परवाना वनखात्याकडून आगाऊ घ्यावा व ओळखपत्र जवळ बाळगावे. जुनागढपर्यंत आगगाडी व पुढे मोटार, हा मार्ग सोयीचा. वनात मोठ्याने बोलू नये, गाडीतून उतरू नये. सिंह दिसेलच असे नाही. परंतु बरोबर नेलेली मुले तीन तास आपल्या शेजारी असतील, हे निश्चित. आणि परतण्यापूर्वी एखाद्या नेसात जाऊन चहा अवश्य घ्यावा.