पंपाचा पट्टा

दिवाळीत पालमला मामाकडे गेले, तर बारावीतल्या मामेभावानं बॉम्बच टाकला. ‘ताई, मला प्रॉडक्ट डिझाइन करायचंय.’ मामा गडबडला. ‘म्हंजे कपडे शिवणार का रे?’ कापसाचे पैसे त्यानं इंजिनीअरिंगसाठी राखलेले!

मी लगेच पत्रकारी ज्ञान पाजळलं. अहमदाबादची एनआयडी १९६१ची, आयआयटी मुंबईचं आयडीसी १९६९चं. आयडीसीच्या चार वर्षांच्या बी.डेस.साठी यूसीड ही परीक्षा, त्यात ड्रॉइंगही असतं. खासगी कॉलेजंही आहेत, पण फी विचारून घ्यायची.

‘पण निवडू कसं?’

‘बिल्डिंग नको, वर्कशॉप बघ. पोरं हातानं किती वस्तू बनवतात, त्या वापरणाऱ्यांना जाऊन भेटतात का, ते सीनियर्सना विचार.’

त्यानं गपचूप वही उघडली. फवारणीचा पंप! नुसत्या पट्ट्याची दहा-बारा स्केचेस. भरलेला पंप खांद्यात रुततो, म्हणून मामा पट्ट्याला गोधडीचा तुकडा गुंडाळतो. पोरानं ते टिपलं होतं. मामा बराच वेळ वही बघत राहिला. मग म्हणाला, ‘ह्यो पट्टा अजून रुंद पायजे.’

मी मास कॉमचं कॉलेज निवडलं ते कॅन्टीन बघून. ह्याची सुरुवात माझ्यापेक्षा बरी आहे, बॉस!