तांब्याच्या तारेवरून काचेच्या तंतूवर: जालन्यातील एका लँडलाईनचा बदल

घरचा लँडलाईन फोन इंटरनेटवर नेणे म्हणजे एक्स्चेंजपासून घरापर्यंत आलेली तांब्याची जोडतार सोडून तिच्या जागी काचेचा तंतू, म्हणजे फायबर, घेणे आणि आवाज इंटरनेटच्या पद्धतीने पाठवणे. क्रमांक तोच ठेवता येतो, बटणांचा जुना फोनही चालतो. बदलतो तो मधला रस्ता. त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलते आणि बहुतेक घरांचे तिकडे लक्ष जात नाही: फोनला लागणारी वीज आता कुठून येते. जुन्या जालन्यातील प्रस्तुत लेखकाच्या घरी हा बदल झाला, त्याची ही हकिकत.

तांब्याची लाईन एक्स्चेंजमधून निघते, जमिनीखालच्या केबलने रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत येते, तिथून खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये जाते आणि शेवटी ड्रॉप वायरने घरात शिरते. या जोडतारेवर एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांचा 48 व्होल्टचा दाब चोवीस तास असतो. घंटी वाजवायची असली की त्यावर 75 व्होल्टच्या आसपासचा उलटसुलट प्रवाह सोडला जातो. खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातात तार असताना नेमका कोणाचा फोन आला, तर त्याला चांगलाच झटका बसतो. गावातली वीज गेली तरी लँडलाईन चालू राहायची ती याच बॅटऱ्यांमुळे. घरातल्या मीटरचा तिच्याशी काही संबंधच नव्हता.

लेखकाच्या घरी फोन आला 1994 मध्ये, बऱ्याच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. माळवदाच्या घरातील पुढच्या खोलीत, भिंतीतल्या देवळीत तो ठेवला गेला आणि आजही तिथेच आहे. क्रमांक तेव्हा पाच आकडी होता. पुढे त्याच्या आधी 2 लागून तो सहा आकडी झाला. जालन्याचा एसटीडी कोड 02482. कोडचे सुरुवातीचे शून्य सोडले तर कोड आणि क्रमांक मिळून दहा आकडे भरतात, मोबाईलइतकेच. गल्लीतल्या सात-आठ घरांचे निरोप याच फोनवर यायचे. मोंढ्यातल्या आडत दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांच्या तळाशी, पासबुकांवर, शेतीच्या कागदांवर असे क्रमांक एकदा लिहिले गेले की दोन पिढ्या पुसले जात नाहीत. लँडलाईन ठेवण्याचे खरे कारण तेच असते. यंत्रावर कोणाचा जीव नसतो, क्रमांकावर असतो.

तांब्याची अडचण वयाची होती. जालन्याची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीत जुन्या केबलच्या जोडांवर ताण येतो. जोडात पाणी शिरले की आधी खरखर ऐकू येते, मग दुसऱ्या कोणाचे बोलणे, आणि शेवटी काहीच नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली तर शेकडो तारांच्या जोड्या एकेक करून, रंग जुळवून सांधाव्या लागतात. लाईनमनने खड्ड्यात बसून दिवसच्या दिवस ते काम केलेले लेखकाने पाहिले आहे. त्या कष्टांची किंमत बिलात कधी दिसली नाही.

फायबर आणायला दोन तंत्रज्ञ आले. खांबावरच्या डब्यापासून माळवदाच्या कडेने काळी बारीक केबल ओढली. तिच्या आतला काचेचा तंतू 125 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. तो सोलून, पुसून, टोक सरळ कापून सांधणीच्या यंत्रात ठेवला. विजेच्या ठिणगीने दोन्ही टोके वितळून एकजीव झाली. यंत्राच्या छोट्या पडद्यावर दोन टोके जवळ येताना आणि मधली रेघ नाहीशी होताना दिसते. मग प्रकाश मोजायचे मीटर लावले. आकडा उणे 19 आला. उणे 27 च्या पलीकडे गेला तर लाईन रडते, असे तंत्रज्ञाने सांगितले. फायबर काटकोनात वाकवले तर प्रकाश बाहेर निसटतो, म्हणून दाराच्या कोपऱ्यात केबलला मोठे वळण दिले.

घरात बसवलेल्या डबीला ओएनटी म्हणतात. प्रकाशातून आलेले संकेत ती वेगळे करते, वायफाय देते आणि मागच्या बाजूला फोनच्या पिनसाठी एक खाच ठेवते. बोलणाऱ्याचा आवाज सेकंदाला 8,000 वेळा मोजला जातो, त्या मापांच्या साधारण 20 मिलिसेकंदांच्या पुड्या बांधल्या जातात आणि त्या एकामागून एक रवाना होतात. पुड्या वेळेवर पोचल्या तर आवाज स्वच्छ येतो, उशीर झाला तर शब्द तुटतात. लेखकाच्या घरी आवाज पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ आला, इतका की पलीकडे लाईन चालू आहे की नाही अशी शंका यावी. जुन्या लाईनची सूं अशी बारीक घरघर हीच ती चालू असल्याची खूण होती.

या बदलात तीन गोष्टी आधीच तपासलेल्या बऱ्या. मोबाईलचा क्रमांक 2011 पासून देशभरात कंपनी बदलूनही ठेवता येतो, लँडलाईनला ती सोय नाही. क्रमांक टिकवायचा तर त्याच कंपनीकडून फायबर घ्यावे लागते आणि तसे अर्जात स्पष्ट लिहावे लागते. आकड्यांची तबकडी फिरवायचा काळा फोन असेल तर त्यावर आलेला फोन घेता येईल, पण लावता येईलच असे नाही, कारण बऱ्याच ओएनटींना तबकडीचे ठोके कळत नाहीत. आणि घरात पॅरलल फोनची जुनी वायर असेल तर ती ओएनटीला जोडता येते, मात्र त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी पूर्ण तोडलीच पाहिजे. ती राहिली तर एक्स्चेंजचे 48 व्होल्ट उलट्या बाजूने डबीत शिरतात.

विजेची बाब मात्र कोणी सांगितली नाही आणि लेखकाने विचारलीही नाही. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. ओएनटी घरातल्या प्लगवर चालते. मृगाच्या पहिल्या पावसात संध्याकाळी वीज गेली. लेखकाच्या आई ऐंशीच्या पुढच्या. रोज सातच्या सुमारास त्यांच्या लेकीचा अंबडहून फोन येतो. त्या दिवशी आला नाही म्हणून त्यांनी रिसीव्हर उचलला. कानाला काहीच लागले नाही. त्यांनी हूक दोनदा दाबून पाहिला, पुन्हा कानाला लावला आणि अंधारात तसाच धरून बसल्या. लेखक दुकानातून घरी आला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "लाईट गेली की फोन बी जातो का आता?" तिकडे लेक घाबरून शेजाऱ्यांचे नंबर शोधत होती.

उपाय सोपा निघाला. ओएनटीला 12 व्होल्टचा थोडाच प्रवाह लागतो. वहीएवढ्या आकाराचा छोटा यूपीएस लावला की ती तीन-चार तास चालते, इन्व्हर्टर असेल तर त्याहून जास्त. वाटेवरचे स्प्लिटर, म्हणजे एक प्रकाश अनेक घरांत वाटणारे डबे, विजेशिवायच चालतात आणि एक्स्चेंजला स्वतःच्या बॅटऱ्या असतात. म्हणून घरची डबी जिवंत ठेवली की फोन जिवंत राहतो. मोबाईल आहेच की, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की वीज फार वेळ गेली तर टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात. ब्रिटनमध्ये हाच प्रश्न आला. तिथे तांब्यावरची जुनी फोनसेवा 2025 अखेर बंद व्हायची होती. वृद्धांच्या घरातील मदतीची बटणे नव्या लाईनवर बंद पडल्याचे प्रकार 2023 मध्ये पुढे आले आणि मुदत जानेवारी 2027 पर्यंत वाढली. लँडलाईनवरच अवलंबून असलेल्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तातडीचा फोन लावता यावा, अशी अपेक्षा तिथल्या नियामकाने कंपन्यांपुढे ठेवली आहे.

बदल करण्याजोगा आहे, याबद्दल लेखकाला शंका नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात लाईन एकदाही खरखरली नाही आणि अंबडचा फोन रोज सातला येतो. पण ज्या घरात म्हातारी माणसे दिवसभर एकटी असतात, त्या घराने तंत्रज्ञाला बोलावण्याआधी यूपीएस आणावा, आणि बसवून झाल्यावर मेन स्विच बंद करून एकदा फोन लावून पाहावा.