चंद्रावर न गेल्याचा आळ

आमच्या लिंबागणेशात कुणी चंद्राविषयी वेडंवाकडं बोललं की मला जरा धास्तीच वाटते. इथला गणपती भालचंद्र, म्हणजे चंद्र त्यानं थेट कपाळावर घेतलेला. गणपती घसरून पडला, चंद्र फिदीफिदी हसला, गणपतीनं शाप दिला आणि चंद्रानं पाय धरल्यावर उःशापही दिला, ही गोष्ट तुम्ही-आम्ही आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. पण उःशापातून एक कलम वगळायचं राहून गेलं. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला जो चंद्र पाहील, त्याच्यावर खोटा आळ येईल. सरकारी आदेशाच्या शेवटी लिहितात ना, 'बाकी अटी पूर्ववत', त्यातला प्रकार.

प्रत्यक्ष श्रीकृष्णसुद्धा या कलमातून सुटला नाही. त्याच्यावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला. आता नुसत्या पाहण्याला ही शिक्षा, तर जी माणसं बूट घालून चंद्रावर हिंडून आली त्यांची काय गत होणार? १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेचे बारा जण तिथं चालले. त्यांच्यावर आळ आला, आणि तो काय? तर तुम्ही गेलाच नाहीत!

मी बँकेतला कारकून. शिक्षण बी.कॉम., म्हणजे विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. पण पुरावा या विषयात माझा हात कुणी धरणार नाही. नोव्हेंबर महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर माणूस उभा असतो, खोकत असतो, 'पंखा वाढवा' म्हणत असतो. तो जिवंत आहे हे मला दिसतं, पण बँकेला दिसत नाही. बँकेला अंगठा लागतो. अशा खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'चंद्रावर गेले याला पुरावा काय?' हा प्रश्न मुळीच उद्धट वाटत नाही. उलट विचारणाऱ्याला खुर्ची द्यावीशी वाटते.

गंमत अशी की, त्या वेळी जेव्हा खरोखर काही दिसत नव्हतं, तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला. मुंबईचं टीव्ही केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यामुळं आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाऊल ठेवलं, ते महाराष्ट्रानं पाहिलं नाही, ऐकलं. आपल्या घड्याळात २१ जुलै १९६९, सोमवार, सकाळचे आठ वाजून सव्वीस मिनिटं. त्याच्या आदल्या शनिवारी, १९ तारखेला, इंदिरा गांधींच्या सरकारनं चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. दोन्ही बातम्या एकाच रेडिओतून, दोन दिवसांच्या अंतरानं. जुनी मंडळी सांगतात की पारावर चंद्राविषयी कुणी फारशी शंका काढली नाही. शंका होती ती दुसऱ्या बातमीविषयी. 'माणूस चंद्रावर गेला असंल बाबा, पण बँक आपल्याला कर्ज देईल हे काही पटत नाही.' आमच्या खात्याची पत तेव्हा चंद्राच्या पलीकडं होती.

पुढं ऑक्टोबरात ते तिघं अंतराळवीर जगाच्या दौऱ्यात मुंबईलाही आले आणि मुंबईनं त्यांना बघायला तोबा गर्दी केली. आम्हा लोकांना रॉकेटपेक्षा रॉकेटमधून उतरलेला माणूस बघण्याची हौस जास्त. अर्थात गर्दी हा काही आपलाच मक्ता नाही. अपोलो-११ उडताना फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सुमारे दहा लाख लोक जमले होते. एकशे दहा मीटर उंचीचं रॉकेट, त्याच्या टोकाला तीन माणसं, आणि खाली दहा लाख माना वर. आमच्या जत्रेत आणि त्यात फरक एवढाच की तिथं पाळणा परत खाली येईल याची खात्री नव्हती.

संशय नंतर आला. १९७६ साली बिल केसिंग नावाच्या अमेरिकन गृहस्थानं स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढलं की हे सगळं नाटक होतं. म्हणजे आळ घेणाराही त्यांच्याच गावचा. तो आळ फिरत फिरत मोबाइलमधून आमच्या शाखेपर्यंत आला, आणि त्याचा इथला अधिकृत प्रतिनिधी म्हणजे आमच्या आळीतला एक तरुण. पदवीधर, चुणचुणीत. स्लिप भरता भरता तो मला विचारी, "साहेब, चंद्रावर वारा नाही, मग झेंडा कसा फडकायला?"

"अरे, त्या झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. ती पुरती ताणली गेली नाही म्हणून कापडाला चुण्या पडल्या. फडकला नाही, चुरगळला."

"मग आकाशात चांदण्या का नाहीत?"

"तुझ्या ताईच्या लग्नाचा अल्बम आण. रात्रीचं लग्न, मांडवाबाहेरची वरात. दाखव एक तरी चांदणी. नवरीच्या तोंडावर झगझगीत दिवा असला की कॅमेरा तेवढाच उजेड झेपेल असा लावतात. तिथं तर भर उन्हात फोटो काढले होते."

"बरं, मग पुन्हा का गेले नाहीत?"

हा प्रश्न मात्र मोलाचा. डिसेंबर १९७२ नंतर पन्नासहून अधिक वर्षं चंद्रावर कुणी पाऊल ठेवलं नाही हे खरं. पण तोट्यात चालते म्हणून एस.टी.नं मुक्कामी गाडी बंद केली, तर ती गाडी कधी येतच नव्हती असं आपण म्हणतो का? पैसा आणि राजकारणातली निकड, दोन्ही संपलं की फेरी बंद. नोव्हेंबर २०२२ मध्ये निघालेलं आर्टेमिसचं पहिलं यान चंद्राला वळसा घालून आलं, तेव्हा त्याच्या खुर्चीत पुतळा बसवला होता. हे ऐकून त्याला फार आनंद झाला. मी म्हटलं, "त्यांनी तो पुतळा असल्याचं आधीच सांगितलं होतं. आमच्याकडं खुर्चीला कोट अडकवून साहेब बाहेर जातात, तेव्हा कुणी सांगत नाही."

शेवटी मी माझा हुकमी पत्ता काढला. भावकी! बीड जिल्ह्यात याहून बळकट पुरावा नाही. बांधाला बांध लागून असलेला चुलत भाऊ तुमच्या विहिरीला पाणी लागलं हे कधी कबूल करील का? रशिया आणि अमेरिका म्हणजे अशी भावकी. अपोलो-११ चंद्रावर असताना रशियाचं लूना-१५ तिथंच घिरट्या घालत होतं आणि २१ जुलैलाच आदळून फुटलं. यांचं नाटक असतं, तर गावभर दवंडी पिटायला रशियाइतका उतावीळ कोण होता? आणि त्यांनी काय केलं? अभिनंदनाची तार. चुलत भावानं पेढा खाल्ला म्हणजे मुलगा झाला हे नक्की समजावं.

शिवाय कागदपत्रं आहेतच. सहा फेऱ्यांत आणलेले ३८२ किलो दगड-माती, जगभरच्या प्रयोगशाळांनी तपासलेली. चंद्रावर ठेवून आलेले आरसे, ज्यांच्यावर लेसर किरण टाकला की अडीच सेकंदांत परत येतो. त्यावरूनच कळलं की चंद्र दर वर्षी ३.८ सेंटीमीटर आपल्यापासून दूर सरकतो आहे. आणि २०१९ साली निघालेल्या आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानंही अपोलो-११ चा सांगाडा तिथं उभा असल्याचं टिपलं. म्हणजे पंचनाम्यावर आपलीही सही.

पण तो बधला नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा चौकात एकेका मोबाइलवर दहा-दहा डोकी होती. टाळ्या झाल्या, पेढे निघाले. हा म्हणाला, "साहेब, उतरताना दाखवलं ते कार्टून होतं." चित्र संगणकावरचं होतं हे बरोबरच, खाली उतरणाऱ्या यानाचा फोटो काढायला वर आधी कोण जाऊन बसलं होतं? एवढं म्हणून मी गप्प बसलो. निदान पोरगं प्रश्न तरी विचारतं, याचं मला कौतुकच होतं.

मग एक दिवस तो आईला घेऊन आला. तिची मुदतठेव मोडायची होती. बावीस वर्षं ऊसतोडीला जाऊन, कोयता चालवून साठवलेले पैसे. बसस्टँडसमोर पाटी लावलेली एक संस्था आमच्यापेक्षा बरंच जास्त व्याज देत होती.

मी विचारलं, "तिचा ताळेबंद पाहिलास?"

"ताळेबंद कशाला साहेब? सगळं गाव ठेवायलंय की."

"चंद्रावर गेलेले सगळ्या जगानं मानलं, ते तुला चाललं नाही. इथं सगळं गाव चालतं?"

तो हसला. आईचा अंगठा झाला, फॉर्म बरोबर होता, पैसे देणं मला भाग होतं. त्याची शंका तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर उडाली, पण बसस्टँडपर्यंत चालत गेली नाही. तसं हे फक्त त्याचंच नाही. लांबच्या गोष्टीवर शंका घेणं स्वस्त असतं. त्यात उन्हातून जावं लागत नाही, ओळखीच्या माणसाला वाईट वाटत नाही आणि हुशारीही दिसते. जवळचं तपासायचं म्हणजे चार माणसांचा रोष आणि चपलांची झीज.

पुढं त्या पाटीखालचं शटर एकदा खाली आलं ते वर गेलंच नाही. आई अजून मधूनमधून पासबुक घेऊन येते आणि 'व्याज चढलं का भाऊ?' असं विचारते. तिला दर वेळी वेगळ्या शब्दांत तेच सांगावं लागतं. पण खरी गंमत, गंमत कसली, पुढंच आहे. पोरानं भरवसा दिला म्हणून शेजारच्या पाच-सहा घरांनीही तिथं पैसे ठेवले होते. आता गाव म्हणतं, यानं कमिशन खाल्लं. त्यानं दमडी खाल्लेली नाही, त्याचं खातं माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याची आई म्हणते, "चवथीचा चंद्र पाहिला असंल लेकरानं."

श्रीकृष्णाची गोष्ट इथंच कामाला येते. आळ आल्यावर तो चावडीवर शपथा घेत बसला नाही. लोकांना बरोबर घेऊन रानात गेला, पावलांचे ठसे बघत बघत जांबवंताच्या गुहेशी पोचला. बरोबरची मंडळी बारा दिवस गुहेबाहेर थांबली आणि कंटाळून घरी गेली. चौकशी समित्यांचा हा रिवाज तेव्हापासूनचा. हा मात्र आत अठ्ठावीस दिवस झुंजला आणि मणी घेऊनच बाहेर आला.

परवा तो पोरगा काउंटरवर आला. आवाज खाली, मान खाली. म्हणाला, "साहेब, माझ्या खात्याचा पाच वर्षांचा उतारा द्या. शिक्का मारून. एकेका घरी नेऊन दाखवतो, कुठून एक रुपया आला असंल तर दाखवा म्हणतो."

मी छापून दिला. पानागणिक शिक्का, पानागणिक सही. त्यानं पानं जुळवली, टाचणी लावली आणि जाता जाता थांबला.

"साहेब, त्या लोकांनी दगड किती किलो आणले होते म्हणालात?"

"तीनशे ब्याऐंशी."

"आणि तरी लोक मानत नाहीत?"

"तू मानत नव्हतास."

त्यानं हातातल्या कागदांकडं पाहिलं. "माझ्याकडं तर नऊच पानं आहेत," म्हणाला आणि पहिल्या घराकडं निघाला.