उताऱ्यावरचं नाव

मुळशी तालुक्यातल्या आमच्या घोटावड्याला पाऊस पश्चिमेकडून येतो आणि पैसा पूर्वेकडून. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे कोसळणारा पाऊस पौड ओलांडून आमच्यापर्यंत येईतो बराच निवळतो आणि पुण्यात शिरताना सातशेवर उतरतो. पैशाचं याच्या उलट. हिंजवडी-बावधनला तो धो धो पडतो, भूगाव-पिरंगुटला दणकून लागतो, आमच्याकडे त्याच्या सरी येतात आणि मुळशी धरणापलीकडच्या वाड्यांवर नुसता शिंतोडा. या दोन पावसांच्या मधोमध आमचं गाव आहे. एका बाजूला गुडघाभर चिखलाची खाचरं, दुसऱ्या बाजूला दहा-बारा किलोमीटरवर काचेच्या इमारती. सांजेला नदीच्या पुलावर उभं राहिलं की गुरं घराकडे वळताना दिसतात, आणि त्यांच्या मागोमाग कंपनीच्या गाड्या.

मला हे दृश्य आवडतं. उघडपणे, मनापासून आवडतं. मुळशीच्या भरभराटीबद्दल बोलताना हळहळायचं असा एक शिष्टाचार पडून गेला आहे. गाव हरवलं, हिरवळ गेली, माणसं बदलली. त्यातलं काही खरं आहे आणि मी ते पुढे सांगणार आहे. पण आधी आनंद सांगू द्या. कारण हा आनंद आमच्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आला नव्हता.

त्यांच्या काळी मुळशीकडे मुंबईला द्यायला दोनच गोष्टी होत्या, वीज आणि माणसं. माणसं आधी गेली. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या घराघरांतून कुणी गिरणीत गेला, कुणी माथाडी झाला, कुणी डोक्यावर जेवणाच्या डब्यांची पाटी घेऊन लोकलमध्ये चढला. मुंबईच्या डबेवाल्यांचं आज जगभर कौतुक होतं. त्या कौतुकामागे इथल्या डोंगरउतारांवरची गरिबी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नव्हतं, म्हणून ती पाटी डोक्यावर आली. लावणीला आणि जत्रेला तेवढा घरधनी गावात दिसायचा. बाकी वर्षभर मनीऑर्डर यायची आणि घरात बाया, पोरं, म्हातारी माणसं.

वीज गेली ती धरणातून. आमच्या मुळा नदीच्या उगमाजवळ, मुळशीला, टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं. पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला सोडायचं आणि त्याच्या पडण्यातून मुंबईसाठी वीज काढायची. पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधकामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि इथेच ते सेनापती झाले. विनायकराव भुस्कुट्यांनी गावोगाव फिरून माणसं उभी केली. जाईबाई भोईट्यांसारख्या बाया पुढे आल्या. तीन वर्षं लोक झुंजले, तुरुंगात गेले, आणि हरले. १९२७पासून भिऱ्याची वीज मुंबईला जाऊ लागली. तालुक्याला ज्या गावाचं नाव, त्याचाच शिवार पाण्याखाली गेला. कचेरी पौडला राहिली.

हा लढा का हरला याचं उत्तर राजेंद्र व्होरांनी आपल्या पुस्तकात शोधलं आहे, आणि ते वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. जमीन कसणारे मावळे होते, पण कागदोपत्री बऱ्याच जमिनीचे मालक पुण्यातले सावकार होते. सावकारांना मोबदला हवा होता, मावळ्यांना जमीन. मोबदल्याचा भाव ठरू लागला तसा सावकार बाजूला झाला. ज्याची हाडं त्या मातीत झिजली त्याला बोलायला जागाच उरली नाही. त्याचं नाव कागदावर नव्हतं.

म्हणून मुळशीच्या समृद्धीचा वाढदिवस कुणी विचारला तर मी हिंजवडीच्या पहिल्या इमारतीचा दिवस सांगत नाही. मी १ एप्रिल १९५७ सांगतो. १९४८च्या कूळकायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या दिवसापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला जाऊ लागला. सरकारी भाषेत कृषक दिन. गावच्या भाषेत, कायद्याच्या कलमावरून, ‘बत्तीस ग लागलं’. किंमत ठरायची, हप्ते भरायचे, मग ३२-मचं प्रमाणपत्र हातात पडायचं आणि सातबाऱ्यावर नाव चढायचं. आमच्याकडे जुन्या ट्रंकांतून जरीकाठाच्या लुगड्याखाली ही प्रमाणपत्रं अजून सापडतात, घडीवर फाटलेली, कडा वाळवीनं खाल्लेली. म्हातारे ती दाखवताना हात धोतराला पुसून घेत. दोन एकर, अडीच एकर, कुठे नुसते वीस गुंठे. एवढ्याशा जमिनीनं कुणी श्रीमंत झालं नाही. मुंबईची वाट सुटली नाही. पण पुढच्या चाळीस वर्षांनी पुण्याकडून रस्ता रुंद होत आला, तेव्हा त्या रस्त्याला ज्या माणसाच्या दारात थांबून विचारावं लागलं, तो शेतकरी होता.

हा फरक मला फार मोठा वाटतो. पहिल्या वेळी विकास आला आणि माणसं उठवून गेला. दुसऱ्या वेळी त्याला माणसांशी बोलावं लागलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहू लागलं. ऊस आणि भात पिकवणारं, म्हातोबाच्या जत्रेसाठी ओळखलं जाणारं गाव पंचवीस वर्षांत लाखो लोकांच्या पोटापाण्याचं ठिकाण झालं. एक टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा करत ते माणच्या हद्दीत शिरलं. आता त्याच माणपासून शिवाजीनगरपर्यंत २३ किलोमीटरचा मेट्रोमार्ग खांबांवर उभा आहे. जगभरातल्या कंपन्यांचे फलक असलेलं हिंजवडी वर्षानुवर्षं ग्रामपंचायतच राहिलं, आणि आयटीतल्या माणसाला रहिवासाच्या दाखल्यासाठी त्याच ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, याचं मला अप्रूप आहे. इकडे लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस आलं, शेजारी फ्लेम आलं. पिरंगुट, उरवडे, कासारआंबोलीच्या पट्ट्यात कारखाने आले. २०१५ला पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, झालं. २०२१ला सूस, म्हाळुंगे, बावधन पुणे महापालिकेत गेली. चांदणी चौकाचा जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरमध्ये स्फोटानं पाडला गेला, तेव्हा रात्री जागून तो बघणाऱ्यांत आमच्या गावची कितीतरी पोरं होती. पौड रस्त्यावरून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं आयुष्य त्या चौकात थोडं थोडं खर्ची पडलं होतं.

बाहेर कुठे गेलं आणि मुळशी म्हणून सांगितलं की लोक ‘मुळशी पॅटर्न’ म्हणतात. प्रवीण तरडे इथलेच, आणि २०१८च्या त्या चित्रपटात त्यांनी दाखवलं ते घडलेलं आहे. जमीन विकली, बंगला बांधला, गाडी घेतली, पाच वर्षांत पैसा संपला आणि ज्या सोसायटीसाठी जमीन दिली तिच्याच फाटकावर बाप शिपाई म्हणून उभा राहिला. अशी घरं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल हसून बोलणाऱ्याचा मला राग येतो. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी हातात एवढी रोख रक्कम पाहिली नाही, त्यांना एका दुपारी साठेखतावर सह्या करायला लावून शहाणपण कुठून आणायचं? तरी माझं म्हणणं आहे की त्या चित्रपटातला माणूस हा सगळा तालुका नव्हे. ज्यांनी थोडी विकली आणि थोडी राखली, त्यांच्यावर कुणी चित्रपट काढणार नाही. त्यांचं आयुष्य फार संथ आहे. सकाळी धार काढणं, डेअरीला दूध घालणं, कंपनीची दुसरी पाळी, रविवारी शेत.

घोटावड्यात अशी घरं भरपूर आहेत आणि तीच आमची खरी मिळकत आहे. रस्त्याकडेच्या दहा गुंठ्यांत कुणी पत्र्याचं शेड बांधून वर्कशॉपला भाड्यानं दिलं. कुणी घराच्या मागे दहा बाय दहाच्या खोल्या काढल्या. एकानं बँकेचं कर्ज काढून बस घेतली, ती कंपनीला लावली, आणि आता त्याच्या दारात गाड्या दाटीवाटीनं उभ्या असतात. एका काकूंनी बचत गटातून कॅन्टीनच्या भाकऱ्यांचं काम धरलं, आता त्यांच्या हाताखाली गावातल्या सुना आहेत. बापानं मुंबईला ज्या डब्यांची पाटी उचलली, त्या जेवणाचा धंदा लेकानं आपल्या गावातून उभा केला, असंही एक घर आहे. तो माणूस रोज रात्री आपल्या पोरांबरोबर जेवतो. याच्यापुढे मला दुसरं यश सुचत नाही.

या यशात बायांचा वाटा मोजला जात नाही. सकाळी घोटावडे फाट्यावर डबा पोटाशी धरून कंपनीच्या गाडीची वाट बघणाऱ्या बाया पाहा. घर आवरून, म्हशीला वैरण टाकून त्या आलेल्या असतात. ७ जून २०२१ला उरवड्याच्या एका कारखान्यात आग लागली, आणि होरपळून गेले त्यांतल्या बहुतेक बाया होत्या. आसपासच्या गावांत त्या आठवड्यात चुली धडपणे पेटल्या नाहीत. मुळशीच्या भरभराटीचा जमाखर्च लिहिताना त्या बायांची नावं पहिल्या पानावर यायला हवीत. कारखान्याचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं की नाही, दुसरी वाट मोकळी आहे की नाही, हे तपासणं हे आमच्या तालुक्याच्या मोठेपणाचं मोजमाप असलं पाहिजे. किती मजले चढले हे नंतर.

पोरींचं शिक्षण मात्र डोळे भरून पाहावं असं. माझ्या आईच्या पिढीत सातवीनंतर शाळा म्हणजे पौडपर्यंतची पायपीट, आणि ती पोरींना कोण करू देणार. पिरंगुटला अनंतराव पवार महाविद्यालय झालं आणि पदवी एका बसच्या अंतरावर आली. आता स्कूटीवरून पोरी कॉलेजला जातात, येताना बापाची औषधं आणि खताचं पोतं घेऊन येतात. कुणी नर्स झाली, कुणी हिंजवडीत संगणकापुढे बसते, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे रिह्याच्या रस्त्यावर धावते. त्या धावणाऱ्या पोरीला बघून ओट्यावरचे म्हातारे आता ‘कोणाची गं तू?’ विचारत नाहीत, ‘किती मिनिटं लागली?’ विचारतात.

आणि भात आहे. अजून आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं १९८७ साली आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण काढला, त्यानं या खोऱ्याचा चेहरा पालटला. आंबेमोहोर वासाचा, पण उंच वाढून आडवा पडणारा, उतारा कमी. इंद्रायणीनं वास बराचसा राखला आणि पोतीही भरली. मे महिन्यात राब भाजल्याचा धूर, मृगात पेरणी, आषाढात तरव्याची रोपं उपटून चिखलणी झालेल्या खाचरात लावणी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी. हा क्रम चुकलेला नाही. बदल एवढाच की पूर्वी भात व्यापारी सांगेल त्या भावानं जाई, आता सोसायटीतली माणसं गाडी थांबवून नवा तांदूळ आहे का विचारतात, वर्षाचा भरून नेतात आणि पुढच्या वर्षीसाठी नंबर घेऊन ठेवतात. शहर जवळ आल्यानं खाचरं गेली हे खरं. शहर जवळ आल्यानं उरलेल्या खाचरांना भाव आला हेही तितकंच खरं.

भाड्याच्या खोल्यांत आता लातूर-नांदेडची, बुलडाण्याची, बिहार-उत्तर प्रदेशची माणसं राहतात. आमचे आजे मुंबईच्या चाळींत ज्या गर्दीत राहिले, तशीच ही. त्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात, पहिल्या दिवाळीपर्यंत आमच्यासारखं हेल काढून मराठी बोलू लागतात. ज्या तालुक्यानं पिढ्यान्पिढ्या माणसं बाहेर पाठवली, त्याच्याकडे आता माणसं पोट भरायला येतात. त्यांच्या नळाला पाणी, त्यांच्या गल्लीला गटार, मुळेत जाणाऱ्या सांडपाण्यावर प्रक्रिया, एवढं ग्रामपंचायतीनं आणि पीएमआरडीएनं मनावर घेतलं तर हे पाहुणेपण सुखाचं होईल. पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्याची आखणी मुळशीतून गेली आहे. म्हणजे येणारे वाढणारच.

राहिलं ते नावाचं. १९५७ साली कसणाऱ्याचं नाव उताऱ्यावर चढलं, पण लावणीला कमरेत वाकून उभी असलेली बाई त्या कागदात आली नाही. महाराष्ट्रानं १९९४ला आणि देशानं २००५ला लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला. तरी तलाठ्याच्या दप्तरात हक्कसोड पत्रांचे गठ्ठे वाढत राहिले. मोबदल्याचा चेक यायच्या आत बहिणींना साडीचोळी करायची, गाडीनं निबंधकाच्या कचेरीत न्यायचं आणि अंगठा घ्यायचा, ही रीत रस्त्याइतकीच रुंद झाली. माझ्या आत्यांनीही असाच अंगठा दिला होता. त्यांना कुणी फसवलं नव्हतं, माहेर तुटू नये म्हणून त्यांनी तो दिला. शंभर वर्षांपूर्वी मावळा राबायचा आणि मालकी दुसऱ्याची होती. आमच्या घराघरांत तेच चालू होतं.

यंदा आमच्या आळीत एका घराचं वाटप झालं. दोन भाऊ, दोन बहिणी. थोरल्या भावानंच सांगितलं, हक्कसोड नको, चौघांची नावं लावा. गावात आठवडाभर चर्चा झाली. कुणी त्याला वेड्यात काढलं, कुणी गुपचूप घरी येऊन कागदपत्रं कोणती लागतात ते विचारून गेलं. फेरफार मंजूर झाला. धाकटी बहीण हिंजवडीत नोकरी करते, थोरली कोळवण खोऱ्यात दिलेली आहे. जुलैत दोघी लावणीला आल्या. थोरलीनं तरव्याच्या जुड्या टाकल्या, धाकटीला लावणीची सवय राहिली नव्हती म्हणून तिची ओळ वाकडी गेली, आणि भावजयीनं बांधावरून ओरडून सांगितलं, ‘वन्सं, तुमच्या वाट्याची आहे, कशीबी लावा!’