एका राजाची गोष्ट

वीस वर्षे मी वर्गात एक गोष्ट सांगत आलो आहे. कॅस्पियन समुद्राच्या बाजूला खजर नावाच्या तुर्की लोकांचे राज्य होते. त्यांच्या बुलान राजाला नवा धर्म हवा होता. त्याने पाद्र्याला विचारले, ‘‘यहुद्यांचा धर्म बरा, की मुसलमानांचा?’’ पाद्री म्हणाला, ‘‘यहुद्यांचा.’’ मग काजीला विचारले, ‘‘यहुद्यांचा बरा, की ख्रिस्त्यांचा?’’ त्यानेही तेच उत्तर दिले. झाले! राजा यहुदी झाला. तासाच्या शेवटी ही गोष्ट हमखास हशा मिळविते.

यंदा मात्र एका मुलीने विचारले, ‘‘सर, हे खरं कशावरून?’’

‘‘राजानं स्वतः लिहिलंय,’’ मी ठोकून दिले. घरी पोचेपर्यंत ते वाक्य मला बोचू लागले.

कारण लिहिणारा बुलान नव्हेच! इ. स. ९६०च्या आसपास कॉर्डोव्ह्याच्या हसदाई इब्न शाप्रुतला पत्र लिहिले, ते जोसेफ राजाने. मूळ प्रसंगानंतर कित्येक पिढ्यांनी. पणजोबांच्या शौर्याच्या कथा आपण सांगतो, त्यांतलाच हा प्रकार. पण सगळेच काही हवेत नाही. अरब लेखक खजर राजा यहुदी असल्याचे सांगतात. ८३७-३८ सालची, ‘मूसा हा ईश्वराचा प्रेषित’ अशा अक्षरांची खजर नाणी सापडली आहेत. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये मिळालेल्या ठेव्यातही तसले नाणे होते. उलट २०१३ मध्ये शाऊल स्टाम्फर या इतिहासकाराने धर्मांतर झालेच नाही, असे मांडले. जमिनीत त्याच्या खुणा जवळजवळ नाहीत. बहुतेक अभ्यासक आजही मानतात, की निदान राजा आणि सरदार यहुदी झाले असावेत. प्रजेचे कोण सांगणार?

एवढ्यावर भागले असते, तर मीही सोडून दिले असते. पण १९७६ मध्ये आर्थर कोस्लरने पुस्तक लिहून युरोपातले यहुदी मुख्यतः खजरांचे वंशज ठरविले, आणि ‘तुम्ही मूळचे यहुदी नव्हेच’ असे हिणवायला अनेकांना आयते हत्यार मिळाले. २०१३च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात त्याला पुरावा मिळाला नाही. हत्यार मात्र अजून चालतेच आहे. माझा पाच मिनिटांचा हशा मला एकाएकी महाग वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणालो, ‘‘काल मी चुकलो.’’ कुणी हसले नाही. त्या मुलीने मात्र वही उघडली. वीस वर्षांत त्या गोष्टीसाठी वही उघडली गेली, ती पहिल्यांदाच!