टाळ्या आणि दप्तर

आमचा धाकटा कबड्डीपायी शाळा बुडवतो. त्याच्या ढालींचे कौतुक आम्हीच केले. १९४१ चा ‘ब्लड अँड सँड’ हा चित्रपट त्याच्याबरोबर पाहिला आणि आम्ही वरमलो.

स्पेनमधल्या सेव्हिलचा गरीब हुआन बैलांशी झुंजून नावारूपाला येतो. आई लोकांच्या फरशा घासणारी, लेक निरक्षर. वर्तमानपत्रातली स्वतःची स्तुतीही तो दुसऱ्याकडून वाचून घेतो. श्रीमंत दोन्या सोलच्या मोहात पडतो, पत्नी कारमेन दुरावते. शेवटी बैलाच्या शिंगाने तो मरतो; बाहेर तीच गर्दी नव्या वीराचा जयजयकार करते.

धाकट्याने विचारले, ‘‘पप्पा, त्याला कुणी शाळेत नाही घातलं?’’

बाबासाहेबांनी ‘शिका’ आधी का सांगितले, ते आम्हाला नव्याने कळले. खेळ राहीलच, पण आधी दप्तर.